दोन घरचा पाहुणा

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडची आहे. पहिल्या घरी वाटते, हे दुसरीकडे जेवूनच आले असतील. दुसऱ्या घरी वाटते, पहिल्यांनी ताट वाढल्याशिवाय सोडलेच नसेल. दोन्ही घरी अन्न असते, दोन्ही यजमान सज्जन असतात, चूक कोणाची म्हणून बोट दाखविता येत नाही. आणि पाहुणा मात्र रिकाम्या पोटी निजतो. आज आपणांपुढे आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो ह्या पाहुण्याचाच आहे. आमचा पाहुणा हातात पिशवी घेऊन जमिनीखाली शंभर फुटांवर उभा आहे, आणि ती दोन घरे म्हणजे एकाच स्टेशनात आपापल्या गाड्या चालविणाऱ्या दोन रेल्वे-संस्था आहेत, एवढेच काय ते वेगळे.

कोणी म्हणेल, नगरच्या माणसाला भुयारी रेल्वेशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु श्रोतेहो, आपल्यापैकी कितीजण महिन्यातून दोनदा पुण्याला जातात, ते आठवून पाहावे. कोणाचा मुलगा तेथे शिकतो, कोणाचे दवाखान्याचे काम असते, कोणाची कोर्टाची तारीख असते. शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलविले गेले, ते मेट्रोच्याच कामासाठी. म्हणजे पुण्याच्या जमिनीखाली जे काही घडत होते, त्याने आपल्या गाडीचा थांबा केव्हाच बदलला होता. विषय आपल्या दारात येऊन उभा आहे.

शिवाय ह्या प्रश्नाचा पहिला धडा आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी गिरविलेला आहे, आणि तोही उघड्या आभाळाखाली. दौंड ते मनमाड हा आपला रेल्वेमार्ग 1878 साली सुरू झाला. मुंबईहून रायचूरकडे जाणारी वाट आणि मुंबईहून भुसावळकडे जाणारी वाट, ह्या दोहोंना घाट टाळून जोडणारा हा दुवा. नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव ही स्टेशने घेत गाडी मनमाडला पोचे. पुढे 1900 च्या सुमारास त्याच मनमाडला निजामाच्या मुलखातून, औरंगाबादेकडून म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडून, दुसरी रेल्वे येऊन मिळाली. तिचे नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. स्टेशन एक झाले, पण मालक दोन. इकडे जी.आय.पी. कंपनी, तिकडे निजामाची रेल्वे.

दोन मालक असते तरी बिघडले नसते. खरी अडचण रुळांची होती. जी.आय.पी.चे रूळ एकमेकांपासून साडेपाच फूट अंतरावर होते, निजामाचे एक मीटरवर, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडे अधिक. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चढूच शकत नसे. त्यामुळे मराठवाड्यातील कापूस मुंबईला जायचा असो, की मुंबईचा माल जालना-परभणीला जायचा असो, मनमाडच्या मालधक्क्यावर तो एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. प्रत्येक गठडी हमालाच्या पाठीवरून जाई. त्यात वेळ जाई, मजुरी जाई, पोती फाटत. ह्या एका फरकाची किंमत जवळजवळ 90 वर्षे सर्वांनी मोजली. 1990 नंतरच्या काही वर्षांत तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला, तेव्हा कोठे ही चढउतार थांबली.

आता गंमत पाहा. मनमाडला आजही रेल्वेचे दोन कारभार एकत्र येतात. स्टेशन मध्य रेल्वेचे आहे, आणि संभाजीनगरकडे निघालेली गाडी थोड्याच अंतरावर दक्षिण मध्य रेल्वेच्या हद्दीत शिरते. ही दक्षिण मध्य रेल्वे 2 ऑक्टोबर 1966 रोजी स्थापन झाली. पण मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला ही हद्द कळतसुद्धा नाही. तो खिडकीशी बसून अंकाई-टंकाईचे डोंगर पाहत असतो. त्याचे तिकीट एकच, डबा एकच, बाकही तेच. हद्द आहे, पण ती कार्यालयातील नकाशावर आहे. पूर्वी तीच हद्द हमालाच्या पाठीवर होती. आमचे आजचे सारे म्हणणे ह्या दोन वाक्यांतच आले आहे. दोन संस्था एकत्र आल्या की त्यांच्यामध्ये हद्द राहणारच. प्रश्न एवढाच, की तिचा बोजा कोणी वाहावयाचा.

आपल्याकडील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन भावांची वाटणी होते. जमीन वाटता येते, घर वाटता येते, बैलजोडीसुद्धा वाटता येते. विहीर वाटता येत नाही. ती सामाईक राहते. सातबाऱ्यावर आठ-आठ आणे हिस्सा लागतो. मग पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावयाचे, गाळ काढण्याचा खर्च कसा द्यावयाचा, मोटार जळाली तर कोणी भरून आणावयाची, ह्याच्या पाळ्या ठरतात. जेथे पाळी नीट ठरते तेथे दोन्ही शेते हिरवी राहतात. जेथे ठरत नाही तेथे विहिरीत पाणी असून ऊस वाळतो. भुयारी स्टेशन ही अशीच सामाईक विहीर आहे, आणि विहिरीसारखीच ती एकदा खोदली की हलविता येत नाही.

रेल्वेच्या जगात ही पाळी ठरविण्याची युक्ती इंग्लंडात फार लवकर निघाली. तेथे प्रत्येक मार्गाची कंपनी वेगळी. लंडनहून निघालेल्या प्रवाशाला वाटेत तीन कंपन्यांच्या रुळांवरून जावे लागे. 1842 साली लंडनमध्ये 'रेल्वे क्लिअरिंग हाऊस' नावाची संस्था निघाली. प्रवाशाने सबंध प्रवासाचे एकच तिकीट काढावे. त्या पैशातून कोणत्या कंपनीला मैलांच्या हिशेबाने किती द्यावयाचे, ते ह्या संस्थेतील कारकुनांनी पाहावे. कंपन्यांच्या सांध्यांवर तिची माणसे वही घेऊन उभी असत आणि कोणाचा डबा कोणाच्या मार्गावर गेला त्याचे आकडे टिपून घेत. जाड पुठ्ठ्याचे, अनुक्रमांक छापलेले ते तिकीट आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. त्यावरचा तो आकडा हिशेबासाठीच असे. थोडक्यात, भांडण कंपन्यांचे, आकडेमोड कारकुनांची, आणि प्रवाशाने मात्र स्वस्थ झोपून जावे, अशी ही व्यवस्था.

परंतु पैशांची वाटणी झाली म्हणजे सर्व झाले असे नाही. लहानसहान गोष्टीही पाहुण्याला उपाशी ठेवतात. दादरचेच उदाहरण घ्या. तेथे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे शेजारी-शेजारी आहेत, एकाच पुलावरून दोन्हींकडे जाता येते, आणि वर्षानुवर्षे दोघींचे फलाट स्वतंत्रपणे एकपासून मोजले जात. म्हणजे एकाच स्टेशनात एक नंबरचे फलाट दोन! नवख्या माणसाला कोणी 'एक नंबरवर या' म्हटले की त्याची फसगत ठरलेली. अखेर डिसेंबर 2023 मध्ये पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 असे क्रमांक देण्यात आले. ह्यासाठी नवा रूळ टाकावा लागला नाही, की पूल बांधावा लागला नाही. पाट्या बदलल्या. मात्र 'हे स्टेशन दोघींचे मिळून एक आहे' असे मानून मोजायला प्रारंभ व्हावयास इतकी वर्षे जावी लागली.

अशा स्टेशनांतील एक प्रसंग आमच्या स्मरणात राहिला आहे. स्टेशनाचे नाव सांगण्याचे कारण नाही. खेड्यातील एक आजी चौकशीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. आतून उत्तर आले, "आजी, ती गाडी आमची नाही. पलीकडं विचारा." पलीकडच्या खिडकीवर सांगितले, "तिकीट इकडचं नाही, तिकडंच विचारा." दोन्ही उत्तरे नियमाला धरूनच होती. आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, रूळ तर एकच दिसतोय की!" आम्हांला त्यांना गाडी दाखविता आली, पण त्यांच्या शंकेचे उत्तर काही देता आले नाही.

आता आपण जमिनीखाली उतरू. वरच्या स्टेशनात अडचण झाली तर आणखी एक पूल टाकता येतो, कुंपण मागे सारता येते. भुयारात प्रत्येक फूट खणून काढलेला असतो. तेथे हवा पंख्यांनी खेळवावी लागते, झिरपणारे पाणी पंपांनी उपसावे लागते, दिवस-रात्र दिवे ठेवावे लागतात. हा खर्च गाड्या चालोत वा न चालोत, होतच राहतो. म्हणून दोन संस्था एका भुयारात आल्या, की काही गोष्टी आधीच कागदावर ठराव्या लागतात. भुयाराचा धनी कोण आणि भाडेकरू कोण. फलाटावर हुकूम कोणाचा. तिकिटाचे फाटक कोठे. आणि आग लागली तर किल्ल्या कोणाच्या कमरेला.

हे न ठरल्यास, किंवा ठरताना प्रवाशाचा विसर पडल्यास काय होते, ह्याचा नमुना टोकियो शहरात पाहावयास मिळाला. टोकियोत भुयारी रेल्वे चालविणाऱ्या दोन संस्था आहेत. एक 'टोकियो मेट्रो' ही कंपनी, आणि दुसरी 'तोएइ', म्हणजे महानगर सरकारचे स्वतःचे वाहतूक खाते. दोघींचे मार्ग एकमेकींत विणलेले आहेत, पण भाडी वेगळी, हिशेब वेगळा. तेथे कुदानशिता नावाचे एक भुयारी स्टेशन आहे. 1980 मध्ये तेथे तोएइचा शिंजुकु मार्ग आला आणि 1989 मध्ये दुसऱ्या संस्थेचा हांझोमोन मार्ग आला. दोन्ही मार्गांचे फलाट जमिनीखाली एकाच पातळीवर, अगदी पाठीला पाठ लावून होते. आणि त्या दोन पाठींच्या मध्ये एक भिंत होती.

भिंतीच्या पलीकडची गाडी पकडावयाची, तर प्रवाशाने जिना चढून वर जावे, एका संस्थेच्या फाटकातून बाहेर पडावे, दुसऱ्या संस्थेच्या फाटकातून आत शिरावे, आणि पुन्हा जिना उतरून त्याच पातळीवर, जेथून निघाला त्याच्या हाताच्या अंतरावर यावे. म्हातारा असो, लेकुरवाळी असो, सर्वांना हाच वळसा. लोक त्या भिंतीला 'मूर्खपणाची भिंत' म्हणू लागले.

पण आपण न्यायाने बोलले पाहिजे. ती भिंत कोणी वेड्याने बांधली नव्हती. दोघींचे भाडे वेगळे आहे. प्रवासी फाटकातून गेला तरच तो कोणाच्या गाडीत किती अंतर बसला हे कळते. भिंत काढली, तर एका फलाटावरून दुसऱ्या गाडीत चढलेल्या माणसाची नोंद कशी ठेवावी? त्याने दिलेले पैसे कोणाचे? भुयाराचा खर्च ज्याने केला त्याचे कर्ज कोण फेडणार? सामाईक विहिरीवरचा भाऊ जेव्हा म्हणतो, 'पाणी मोजल्याशिवाय सोडणार नाही,' तेव्हा तो नेहमीच कंजूष असतो असे नाही. त्यालाही सोसायटीचे कर्ज फेडावयाचे असते. चूक हिशेब मागण्यात नव्हती. तो हिशेब प्रवाशाच्या गुडघ्यांकडून वसूल होत होता, ही चूक होती.

टोकियोचे तेव्हाचे उपराज्यपाल नाओकी इनोसे ह्यांनी ह्या भिंतीचा प्रश्न हाती घेतला आणि दोन्ही संस्थांना चर्चेला बसविले. 16 मार्च 2013 रोजी भिंतीचा भाग काढून टाकलेला तो फलाट प्रवाशांसाठी खुला झाला. माणसे चार पावले टाकून समोरच्या गाडीत बसू लागली. कोणी कोणाचे पैसे बुडविले नाहीत. हिशेब राहिला, तो यंत्रांत गेला. दोघींच्या मार्गांवर मिळून प्रवास करणाऱ्यास भाड्यात 70 येनांची सूट मिळते, आणि उरलेली वाटणी त्या आपसांत पाहून घेतात.

ह्या स्टेशनातील एक गोष्ट मनमाडच्या शेजाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या फलाटाच्या एका बाजूच्या रुळांची रुंदी 1067 मिलिमीटर आहे, तर दुसऱ्या बाजूची 1372. म्हणजे तेथेही रूळ वेगळेच! एका मार्गाची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. पण माणूस गठडी नव्हे. त्याला पाय आहेत, तो समोरच्या डब्यात स्वतः चढतो. लोखंडाची अडचण तेथे चार पावलांची होती. विटांच्या आणि वह्यांच्या अडचणीने तिचा डोंगर केला होता.

त्याच टोकियोत ह्याहून धाडसी उपायही झालेला आहे. तोएइचा पहिला भुयारी मार्ग बांधला जात असताना उपनगरातील केइसेइ नावाच्या खासगी रेल्वेशी असा करार झाला, की प्रवाशाने गाडी बदलूच नये. केइसेइचीच गाडी सरळ भुयारात शिरावी आणि तोएइचीही गाडी तशीच बाहेर उपनगरात जावी. पण रूळ वेगळ्या मापाचे. तेव्हा केइसेइने 1959 मध्ये आपल्या सबंध मार्गाचे, सुमारे 80 किलोमीटरांचे, रूळ 1372 वरून 1435 मिलिमीटरांवर नेले. वाहतूक चालू ठेवून, तुकड्या-तुकड्यांनी, रात्रीच्या रात्री. 4 डिसेंबर 1960 रोजी अशी पहिली सलग गाडी धावली. गाडी एका संस्थेच्या हद्दीतून दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत जाते तेव्हा प्रवासी वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो, आपल्या अंकाईच्या प्रवाशासारखाच. हे 1959-60 मध्ये झाले, आणि कुदानशिताची भिंत त्यानंतर 20-30 वर्षांनी त्याच शहरात उभी राहिली, हेही विसरून चालणार नाही. शहाणपण एकदा सुचले म्हणजे कायमचे राहते असे नाही. ते प्रत्येक करारात पुन्हा लिहून घ्यावे लागते.

इथवर आम्ही सोयी-गैरसोयींचे बोललो. आता जिवाचे बोलू. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस हे भुयारी मार्गांचे आणि वरच्या रेल्वेचे मोठे संगमस्थान आहे. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी तेथील लाकडी सरकत्या जिन्याखाली जळती काडी पडून आग लागली. काही मिनिटांत ज्वाळा तिकीटघरापर्यंत उसळल्या आणि 31 माणसे प्राणांस मुकली. त्या गोंधळात बाहेर नेणाऱ्या एका वाटेवरचे जाळीदार दार कुलूपबंद सापडले, आणि किल्ली असलेला माणूस येईपर्यंत तेथे अडकलेल्यांना थांबावे लागले. भुयारात धूर माणसापेक्षा वेगाने चढतो. त्या क्षणी 'हे दार आमचे की तुमचे' हे विचारावयास सवड नसते. म्हणून ज्या भुयारी स्टेशनात दोन संस्था नांदतात, तेथे इतर सर्व कलमे उद्यावर टाकली तरी एक कलम आज लिहिलेले हवे: संकटाच्या वेळी हुकूम एकाचाच, तो कोणाचा हे दोन्हींकडच्या शेवटच्या झाडूवाल्यालाही ठाऊक, आणि प्रत्येक दाराची किल्ली दोघांकडे.

आता आपल्या वाटेवरचे स्टेशन पाहू. पुण्याचे जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाले. पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटकडे जाणारा मार्ग तेथे जमिनीखाली सुमारे 33 मीटरांवर, म्हणजे 108 फुटांवर आहे. आपल्याकडील दोन विहिरी एकीखाली एक ठेवल्या तर इतकी खोली व्हावी. त्याच जागी वर, खांबांवरून, वनाज ते रामवाडी मार्ग जातो. हे दोन्ही मार्ग महामेट्रो ह्या एकाच संस्थेचे असल्याने खालून वर येणाऱ्याला दुसरे तिकीट काढावे लागत नाही. सरकत्या जिन्यांनी वर यावे आणि दुसरी गाडी धरावी. परंतु हिंजवडीहून येणारा तिसरा मार्गही ह्याच न्यायालयापाशी येऊन मिळावा, अशी आखणी आहे, आणि तो 35 वर्षांच्या कराराने एका वेगळ्या कंपनीकडे दिलेला आहे. म्हणजे खालून वर आलेला पाहुणा येथेही दोन घरांच्या मध्ये उभा राहणार. मुंबईत मरोळ नाक्याला हेच झाले आहे. 2014 पासून तेथे रस्त्यावरून जाणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो एका कंपनीची, आणि ऑक्टोबर 2024 पासून खाली भुयारातून जाणारी मेट्रो केंद्र व राज्य सरकारांच्या संयुक्त संस्थेची. मुंबईने ह्या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे, हे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर 2025 मध्ये 'मुंबई वन' ह्या मोबाईलवरील सोयीने रेल्वे, मेट्रो, बस अशा 11 संस्थांची तिकिटे एका ठिकाणी आणली. लंडनच्या त्या 1842 च्या कारकुनांचे काम आता खिशातील यंत्र करू लागले आहे.

तेव्हा श्रोतेहो, अशा स्टेशनात पाऊल ठेवताना आपण काय पाहावे? आम्ही तीनच गोष्टी सुचवितो. एका गाडीतून दुसरीत जाताना वाटेत किती फाटके लागतात ते मोजावे. चौकशीच्या खिडकीवर दुसऱ्या संस्थेच्या गाडीची वेळ विचारून पाहावी, आणि उत्तर मिळते की 'पलीकडं विचारा' असे ऐकू येते ते ध्यानात ठेवावे. आणि बाहेर पडण्याच्या वाटांवरील दारे उघडी आहेत की नाहीत, हे जाता-जाता डोळ्यांखालून घालावे. ह्यांपैकी कोठे उणे दिसले, तर वहीत लिहून तक्रार करण्याचा कंटाळा करू नये. दादरच्या पाट्या काय किंवा कुदानशिताची भिंत काय, गैरसोय वर्षानुवर्षे टिकते ती बहुधा असेच चालावयाचे म्हणून सर्वांनी सोडून दिल्यामुळे.

दोन संस्थांनी एक व्हावे, असा आमचा आग्रह नाही. भावांची वाटणी होते, ती पुष्कळदा दोघांच्या हिताचीच असते. वेगळ्या संस्था असल्या तर एक आजारी पडली तरी दुसरी चालते, एकीचे पाहून दुसरी सुधारते. त्यांनी आपापले चुलखंड खुशाल वेगळे ठेवावे. मात्र पाहुणा दारात आला, की त्याचे ताट कोणी वाढावयाचे हे आधी ठरलेले असावे, आणि दोघांचा हिशेब तो हात धुऊन गेल्यावर व्हावा. त्या आजींना रूळ एकच दिसत होता. तो त्यांना तसाच दिसत राहावा, इतकीच अपेक्षा ठेवून आम्ही आपली रजा घेतो.